आधी परजीवी कोणता ते बघ

प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय परजीवींच्या डीएनए दुरुस्तीवर काम सुरू करतोयस, तर माणसाच्या पेशींवरून शिकलेलं चित्र जसंच्या तसं इथे लावू नकोस. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की आपल्या पेशी बहुतेकदा टोकं थेट जोडतात. मलेरियाच्या प्लास्मोडियममध्ये त्यासाठी लागणारी कु प्रथिनं (तुटलेली टोकं पकडणारी) आणि लायगेज ४ (ती सांधणारं विकर) नाहीतच. त्याची भिस्त मुख्यतः रॅड५१ या प्रथिनाच्या मदतीने जुळती प्रत बघून होणाऱ्या दुरुस्तीवर. म्हणून क्रिस्पर (डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) वापरताना दुरुस्तीसाठी नमुना डीएनए सोबत दे. नुसता काप देऊन जनुक बंद पडेल ही आशा सोड.

निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई फसवा आहे. कु आहे, पण ते टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, सांभाळतं. थेट जोडणीचा नेहमीचा मार्ग नाही. शिवाय हा लबाड त्याच रॅड५१ च्या दुरुस्तीतून पृष्ठभागावरचं प्रथिन बदलतो आणि प्रतिकारशक्तीला चकवतो. माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हाच, वाचन इथून सुरू कर.

टोक्सोप्लाझ्मोसिसचा परजीवी टोक्सोप्लाझ्मा मात्र उलट: तिथे थेट जोडणी इतकी जोरात चालते, की नेमका जनुकबदल हवा असेल तर कु८० (कु प्रथिनांपैकी एक) काढलेला स्ट्रेनच घे.