म्युनिकमधली मंगळागौर: कहाणी कोणी वाचायची?

श्रावण जवळ आला की परदेशी राहणाऱ्या नवविवाहित मुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. सासरची मंडळी मंगळागौर करायला सांगतात. इथे पत्री मिळत नाही, मंगळवार कामाचा असतो, हाताशी कोणी नसते. नाही म्हटले तर घरचे दुखावतात आणि हो म्हटले तर निभत नाही, अशा वेळी काय करावे? उत्तरादाखल एका तरुणीचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते.

तिचे माहेर पुण्याचे, सासर इचलकरंजीचे, आणि लग्नानंतर पतीबरोबर ती म्युनिकला राहायला गेलेली. पहिल्या ऑनलाइन भेटीत ती फक्त अडचणी सांगत होती. सोळा प्रकारची पत्री कुठून आणायची, घरात सोळा दिव्यांची आरती केली तर स्मोक अलार्म वाजेल का, रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळावी लागते तर जागरण आणि फुगड्या कशा करायच्या. या अडचणी खऱ्याच होत्या, पण त्यांना उत्तरेही होती. पूजेत जे मिळत नाही त्याऐवजी अक्षता वाहण्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. आरती बाल्कनीत करता येते, आणि झिम्मा-फुगड्या शनिवारी दुपारी एखाद्या बागेतही खेळता येतात. मात्र मी एक मार्ग सुचवावा आणि तिने लगेच पुढची अडचण काढावी, असे होऊ लागले, तेव्हा मी मार्ग सुचवणे थांबवले. सुटण्यासारख्या अडचणीही जेव्हा कोणी सुटू देत नाही, तेव्हा मनात डाचणारी गोष्ट बहुधा दुसरीच असते.

मी विचारले, "तुम्ही पुण्यातच असता, तर मंगळागौर कशी झाली असती?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पहिली मंगळागौर माहेरी करतात. माझे बाबा नाहीत. आई पहाटेपासून सगळा स्वयंपाक करेल आणि हळदीकुंकवाची वेळ झाली की आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसेल. चुलतबहिणीच्या मंगळागौरीला ती तशीच बसली होती. मला ते पुन्हा बघायचं नाही."

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पूजा करायची आणि कहाणी आपण वाचायची, असे सुचवले होते. त्या बोलण्यात तिच्या आईचा उल्लेख नव्हता. तो जाणूनबुजून टाळला होता की राहून गेला होता, हे तिने विचारलेच नव्हते, कारण सगळे बोलणे पतीमार्फत चालले होते. "आई असं म्हणते," एवढा निरोप तो आणायचा आणि उरलेला अर्थ ती स्वतः लावायची.

पुढच्या भेटींत आम्ही दोनच गोष्टींवर काम केले. एक, निरोप बंद करून तिने सासूबाईंशी स्वतः बोलावे, आणि तेही श्रावण लागण्याआधी, निवांत वेळी. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. "माझ्या आईलाही सामील करून घ्या" अशी मोघम विनंती केली, तर "असू दे की" असे मोघमच उत्तर मिळते आणि ती बाई पडद्याच्या एका कोपऱ्यात गप्प बसून राहते. म्हणून मागणी नेमक्या कामाची हवी. तिने मनाशी घोळवून तयार केलेले वाक्य असे होते: "आई, पूजा तुम्ही सांगा, मी तशीच करते. कहाणी मात्र माझ्या आईनं वाचावी, अशी माझी इच्छा आहे."

सासूबाईंनी लगेच होकार दिला नाही. पहिल्या वर्षी काही वेडेवाकडे झाले तर मुलाला बाधेल, ही त्यांची भीती होती, आणि त्या भीतीला हसू नये, असे मी तिला आवर्जून सांगितले होते. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, तेव्हा इचलकरंजीत त्यांनीही त्याचे कौतुक केले होते. "दुसऱ्याच्या गावाचं कौतुक केलं, आता आपल्या घरात आल्यावर मागं कशी सरू?" असे म्हणून विहिणीला त्यांनी स्वतः फोन केला.

मंगळवारी म्युनिकला सकाळी सात वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेदहाला, पूजा सुरू झाली. कणकेचे दिवे पतीने वळले होते. पुण्यात आईने फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे सुरुवातीला त्यांची हनुवटी आणि हातातली पोथी एवढेच दिसत होते. "विहीणबाई, फोन जरा वर करा, तुम्ही दिसत नाही," असे सासूबाई म्हणाल्या आणि मगच कहाणी सुरू झाली. खेळ पुढच्या शनिवारी इंग्लिश गार्डनमध्ये, तिथल्या मराठी मैत्रिणींबरोबर झाले.

आत्येसासूबाई मात्र कहाणी सुरू होताच कॉलवरून निघून गेल्या. त्यांची माफी मागावी का, असे तिने मला विचारले. गौरी-गणपतीत त्यांना फोन करावा, प्रकृतीची चौकशी करावी, वडीलकीचा मान राखावा. आईने कहाणी वाचली याबद्दल मात्र माफी मागू नये, असे मी सांगितले. त्यांचा अबोला अजून सुटलेला नाही. व्रत पाच वर्षांचे आहे, आणि पुढच्या श्रावणातही त्यांना आमंत्रण द्यायचे, असे सुनेने आणि सासूबाईंनी मिळून ठरवले आहे.