स्लॅब भरायच्या आधी बोलवा

तुम्ही विचारलंय, बांधकाम चालू असताना बाहेरचा इंजिनिअर आणून तपासणी करावी की ताबा घेताना एकदाच केलेली पुरते, आणि त्याने कंत्राटदार दुखावतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: दुखावतो. आमचाही दुखावला, पण त्याच्याहून जास्त दुखावले माझे दीर.

कारण कंत्राटदार त्यांनी आणलेला. "ओळखीचा माणूस आहे वहिनी. त्याच्यावर पहारा बसवणं म्हणजे माझ्यावर अविश्वास." या भिडेपायी आमचा पाया न तपासताच बुजवला गेला. आता आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

स्लॅबच्या वेळी मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. उद्या सकाळी माल पडणार, तर आज दुपारी इंजिनिअर हजर. सळया बांधून तयार होत्या आणि मला तर सगळं झकास दिसत होतं. ते वर चढले आणि सरळ गॅलरीकडे गेले. उकिडवे बसले, खिशातून टेप काढली, सळईखाली घातली आणि मला म्हणाले, "बोट घालून बघा." माझं बोट जाईना. गॅलरी अधांतरी असते, तिला ताण येतो तो वरच्या अंगाला, म्हणून तिची मुख्य सळई वरच हवी. फिटरने बांधली होती वरच. पण दोन दिवस माणसं तिच्यावरून ये-जा करत होती, खाली चेअर, म्हणजे तिला वर उचलून धरणारे सळईचे आधार, मोजून दोन, त्यामुळे ती दबून पार खालच्या साच्याच्या प्लायला टेकली होती. बाकीच्या स्लॅबच्या सळयांखाली, त्या प्लायपासून वर राहाव्यात म्हणून, 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (ठोकळे) हवेत, तिथे खडीचे तुकडे सरकवलेले. यात लबाडी कुणाचीच नव्हती, आणि मला भावजींना हेच सांगायचं होतं. माणूस प्रामाणिक असला म्हणून सळई आपोआप वर राहत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळं उचलून पुन्हा बांधलं. न बोलावता सकाळी स्लॅब भरला असता, तर ताबा घेताना दहा इंजिनिअर आणूनही ती सळई दिसली नसती. यंत्र लावून अंदाज घेता येतो म्हणे. घ्या अंदाज. मग काय, गॅलरी तोडणार?

तर हो, चालू असतानाच करा. पायाची सळई बांधून झाली की एकदा, मग प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी. भरतानाही आपलं कुणीतरी उभं राहू द्या, कारण माल घट्ट वाटला की कामगार बादलीभर पाणी ओततात आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. गिलाव्याआधी भिंतीतल्या नळ्या दाबावर तपासायच्या.

आणि बाथरूम. इथे मी कच खाल्ली. वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी निदान 24 तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून छत बघायचं, एवढंच. पण तोवर भावजींनी बोलणं टाकलं होतं, घरात आणखी तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. पहिल्याच वर्षी खालच्या खोलीच्या छताला ओल आली. नवी कोरी फरशी उखडली तेव्हा भावजी गावाला गेले होते. योगायोग असेल.

राहिलेलं सांगते. इंजिनिअर कंत्राटदाराने सुचवलेला नको. तो जे सांगेल ते फोटोसकट लेखी घ्या, आणि तपासणीची अट करारातच घाला, म्हणजे दुखावण्याचा प्रश्नच कमी. फ्लॅट घेत असाल तर बिल्डर मध्येच आत सोडेल याची खात्री नाही, तेही सही करायच्या आधी बोलून घ्या. आणि तपासणारा रोज येत नाही; भरलेला स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर आळी करून पाणी साठवलंय का, हे तुम्हालाच बघावं लागेल. आमच्याकडे ते काम, खरं सांगायचं तर, भावजींनीच मनापासून केलं.

त्यांनी आता स्वतःच्या घराचं काम काढलंय. इंजिनिअरचा नंबर त्यांना हवा होता. माझ्याकडे नाही मागितला, ह्यांच्याकडे मागितला.