"मॅडम, पोरगं चारच रंग सांगते"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आई पहिलीतल्या मुलाला घेऊन समुपदेशनाला आली. शाळेत इंद्रधनुष्य काढायला सांगितलं तर मुलानं चारच पट्टे रंगवले: लाल, पिवळा, हिरवा, निळा. ‘तानापिहिनिपाजा’ तो घडाघडा म्हणतो, पण "पारवा कुठं आहे?" विचारलं की म्हणतो, "मले दिसतच नाई." घरी आजींनी सांगून टाकलं, "डोये खराब हायेत त्याचे." त्यावरून मुलाच्या मामाचा विषय निघाला, कारण मामाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. दोष माहेरचा, म्हणून बोल आईला.

अशी काळजी घेऊन बरेच पालक येतात. रंगाचं नाव न सांगता येणं वेगळं आणि रंग न दिसणं वेगळं, हे आधी सोडवून घ्यावं लागतं.

मामाची गोष्ट मात्र झटकून टाकण्यासारखी नव्हती. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. आईच्या सख्ख्या भावाला हा दोष असेल, तर तिच्या मुलग्यात तो उतरण्याची शक्यता साधारण चारात एक. यात आईचा काडीचाही दोष नाही. हे आजींसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय त्या घरात पुढचं काहीच ऐकलं गेलं नसतं.

मग चाचणी. शिंप्याकडून एकाच पोताच्या चिंध्या आणायच्या: लाल, हिरवी, चॉकलेटी, राखाडी, गुलाबी, निळी, जांभळी. प्रत्येक रंगाच्या दोन-तीन, काही गडद, काही फिकट. सगळ्या सारख्याच गडद असल्या तर बरं असं वाटतं, पण फिकट-गडद मिसळलेल्या हव्यात, नाहीतर आपल्याला सारखे गडद वाटणारे रंग, रंग न दिसणाऱ्या मुलाला कमी-जास्त गडद दिसू शकतात आणि ते त्यावरूनच जोड्या लावतं. मूग-मसूर घेऊ नयेत, मूल ते दाण्याच्या आकारावरून वेगळे करतं. दिवसा, ओसरीच्या उजेडात बसवायचं, बल्बखाली नाही. "हा कोणता रंग?" विचारायचंच नाही. एक चिंधी हातात देऊन "याच्यासारख्या दुसऱ्या काढ" एवढंच म्हणायचं. लाल-हिरवा-चॉकलेटी किंवा गुलाबी-राखाडी यांची पुन्हा पुन्हा गल्लत झाली, किंवा हिरव्या झाडावरची पिकलेली लाल मिरची मुलाला सापडतच नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं. त्यांच्याकडे ठिपक्यांची इशिहारा चाचणी असते. अंक न येणाऱ्या मुलासाठी तिच्यात बोटानं गिरवायच्या वाटाही असतात. मोबाइलवर ही चाचणी घेऊन निष्कर्ष काढू नये, पडद्यागणिक रंग बदलतात.

या मुलानं सगळ्या जोड्या बरोबर लावल्या. मग चारच रंग का?

कारण त्याला तेवढेच वेगळे दिसले. इंद्रधनुष्यात रंगांच्या मध्ये रेघा नसतात, एक रंग हळूहळू दुसऱ्यात उतरतो. न्यूटननं प्रिझममधून सूर्यप्रकाश पसरवला तेव्हा सुरुवातीला पाचच मुख्य रंग मोजले होते. नारंगी आणि पारवा त्यानं नंतर घातले आणि संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसवला. निळा आणि जांभळा यांमधला पारवा वेगळा काढणं मोठ्यांनाही जड जातं. मूल पाठ केलेलं न सांगता पाहिलेलं सांगत होतं, आणि प्रकाश शिकण्यासाठी हीच सवय सगळ्यात मोलाची आहे.

म्हणून आईला आणि बाईंना घरचा एक प्रयोग दिला. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना, घमेल्यात सात-आठ सेंटिमीटर स्वच्छ पाणी घ्यावं. दाढीचा छोटा आरसा पाण्यात तिरका टेकवावा, तोंड सूर्याकडे, तळाशी खडा लावून. आरशाच्या कडांना चिकटपट्टी हवीच. पाण्यात बुडालेल्या भागावर ऊन पडलं की त्याचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर जातो. तिथे पांढरा ड्रॉइंग पेपर धरायचा.

बिघडतं ते इथे. भिंतीवर दोन कवडसे पडतात. पाण्याबाहेरच्या भागाचा पांढराच असतो आणि मुलं नेमकी त्याच्याकडे बघतात, त्यामुळे तेवढा भाग झाकावा. मधे पांढरा आणि फक्त कडेला रंग दिसले, तर रंग एकमेकांवर पडताहेत: कागद दोन-तीन मीटर लांब न्यावा, किंवा आरशावर बोटभर रुंदीची आडवी फट सोडून बाकी काळ्या कागदानं झाकावं. निळ्या रंगाच्या भिंतीवर प्रयोग करूच नये, ती लाल भाग गिळून टाकते. पाणी हललं की पट्टा नाचतो. थांबायचं. नंतर मुद्दाम बोटानं पाणी ढवळायचं: रंग एकमेकांत मिसळून पांढुरके होतात. रंग पाण्यानं आणलेले नसून उन्हातच होते, हे मुलाच्या डोळ्यांदेखत इथेच कळतं. सात रंगांनी रंगवलेला भोवरा त्या दिवशी आणू नका, फिरवल्यावर तो राखाडी दिसतो आणि मुलाचा गोंधळ उडतो.

सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे बघायचं नाही, हे आधी सांगावं. तुषारांचं इंद्रधनुष्य करायचं असेल तर सूर्याकडे पाठ करून, झाकणाला भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटलीनं करावं. फवारणीचा पंप कितीही धुतला तरी मुलाच्या हातात देऊ नये. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

पट्टा दिसला की नावं आधी सांगायची नाहीत. मुलाला खडूनं कागदावर, जिथे रंग बदलल्यासारखा वाटतो तिथे खूण करू द्यावी. मग आईनं, आजींनी आपापल्या खुणा कराव्यात. या घरात आजींच्या पाच निघाल्या, आईच्या सहा. ‘तानापिहिनिपाजा’ त्यानंतर म्हणावं, पुस्तकातली नावं म्हणून, आणि परीक्षेत तीच लिहावीत. बाईंनी पुढच्या वेळी "किती रंग असतात?" याच्या जोडीला "तुला किती दिसले?" असं विचारायचं कबूल केलं.

आईला आणखी एक सांगितलं. जन्मजात रंगदोष वयाबरोबर वाढत नाही, पण पुस्तक नाकाला लावून वाचणं, डोळे बारीक करून फळा बघणं, एक डोळा तिरळा वाटणं ही लक्षणं वेगळी आहेत आणि ती दिसली तर वाट न बघता डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि मामाच्या दोषाची माहिती पथकातल्या डॉक्टरांना आपण होऊन द्यावी.