गहू आणखी किती बुटका होणार?

प्रश्न : बुटक्या वाणांनी १९६० च्या दशकात गव्हाचे उत्पादन वाढवले, मग जगाची वाढती गरज भागवण्यासाठी गहू आणखी बुटका का करत नाहीत?

उत्तर : जपानच्या ‘नोरिन १०’ या वाणातील बुटकेपणा अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील गव्हात उतरवला, तेव्हा खताची मात्रा वाढवली तरी पीक लोळेनासे झाले आणि काडीत जाणारे अन्न ओंबीत जाऊ लागले. ही वाट आता जवळजवळ संपली आहे, कारण उंच वाणांत रोपाच्या एकूण वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा असलेला दाणा आजच्या चांगल्या वाणांत निम्म्यावर आला आहे, आणि ओंबी पोसायला काडी व पाने तर लागणारच.

म्हणून आता खरी झुंज उष्णतेशी आहे. दाणा चिकात असताना पारा चढला, तर भरणीचे दिवस घटतात आणि मळणीला सुरकुतलेला, हलका दाणा हाती येतो. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतात हेच घडले. महाराष्ट्रात थंडीच मोजकी, त्यामुळे माझ्या मते खताच्या जादा गोणीपेक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वापशावर, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल असताना, केलेली पेरणी अधिक देऊन जाते. रान उशिरा मोकळे होत असेल, तर निफाडच्या संशोधन केंद्राचे ‘एनआयएडब्ल्यू ३४’ हे उशिराच्या पेरणीचे वाण घ्यावे.