ड्रॉप टाकल्यावर डोळा जास्तच सुजला, असं का?

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे. डोळे आले म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप सुरू केले, चिपडं कमी झाली, पण आता पापण्या सुजल्यात, सारखा डोळे चोळतो आणि डोळ्याखाली गालावर लाल खरखरीत पट्टा आलाय. इन्फेक्शन वाढलं का? ड्रॉप जास्त वेळा टाकू का?

उत्तर: ताई, जास्त वेळा अजिबात टाकू नका, उलट पुढचा थेंब टाकायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो गालावरचा पट्टा, कारण थेंब ओघळतो नेमका तिथूनच. चिपडं कमी होतायत म्हणजे जंतू आटोक्यात येतायत आणि तरी खाज, सूज वाढतेय तर संशय औषधावर घ्यायला हवा. अशी अ‍ॅलर्जी पहिल्या थेंबाला दिसेलच असं नाही, एक-दोन दिवस जातात आणि मग सुरू होते, म्हणून आईवडिलांना वाटतं आजारच बळावला आणि ते अजून ड्रॉप टाकतात, आणि डोळा अजून सुजतो. निओमायसिन या अँटिबायोटिकने असं होतं हे माहितीचं आहे, कधी कधी औषध नाही तर बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड, त्रास देतं. औषध बदललं की बहुतेक वेळा सूज उतरते. बाटली टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

टाकल्या टाकल्या क्षणभर झोंबणं, मलमानंतर थोडं धूसर दिसणं किंवा घशात कडू लागणं, याला घाबरू नका. थेंब नाकातून घशात उतरतो म्हणून कडू लागतं, टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरा, बरंच कमी होतं.

एका डोळ्याची काळी बाहुली मोठी दिसली आणि उजेड सहन होत नसला तर मात्र बाटलीवरचं नाव वाचा. साध्या अँटिबायोटिकने बाहुली मोठी होत नाही, अ‍ॅट्रोपीनसारख्या ड्रॉपने होते आणि कित्येक दिवस तशीच राहते, त्यात मुलाचा चेहरा लाल होऊन अंग तापलं, तोंड कोरडं पडलं तर थेट हॉस्पिटल गाठा. असा ड्रॉप टाकलेलाच नसेल तरी त्याच दिवशी दाखवा. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक ड्रॉपने बुबुळावरच्या जखमेवर कधी कधी पांढरा थर साचतो, तो औषधाचाच असू शकतो, पण पांढरा डाग घरी बसून ओळखायचा नसतो, तो डॉक्टरांनीच बघायचा.

आणि कळकळीने सांगते, सूज बघून घरात पडलेला स्टेरॉइडचा ड्रॉप टाकू नका, डोळ्यात हर्पिस या विषाणूचं इन्फेक्शन असलं तर त्याने बुबुळाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अ‍ॅलर्जी नक्की झाली की त्या औषधाचं नाव मुलाच्या फाइलवर ठळक लिहून घ्या, निओमायसिन असेल तर ते खरचटल्यावर लावायच्या मलमांतही असतं, तिथेही तेवढंच बघून घ्यावं लागेल.