शाळेच्या ॲपमधला आलेख नक्की कुणासाठी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मुलांच्या मार्कांचे आलेख दाखवणाऱ्या शाळांच्या ॲपबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि ठाणे, नवी मुंबईतून बरीच पत्रं आली, शिक्षकांची जास्त. त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ऐरोलीला मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. शाळेने नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, आम्ही मार्क भरायचे आणि ते आपोआप ग्राफ काढतं. पण वर्गात ४५ मुलं, त्यामुळे एकाच ग्राफमध्ये ४५ रंगीत रेषा, काही म्हणता काही कळत नाही. वर एका मुलाला घटक चाचणीत २० पैकी १४ होते, प्रथम सत्राला सगळं मिळून १०० पैकी ५८, तर सॉफ्टवेअर म्हणतं घसरण. मला तर वर्गात तो सुधारलेला दिसतोय. कुणाचं खरं मानू?

उत्तर : बाई, आधी तुमच्या डोळ्यांचं माना. सॉफ्टवेअरने काय केलं तर १४ चे ७० टक्के केले, त्याच्यापुढे ५८ टक्के ठेवले आणि मध्ये रेष ओढली. पण घटक चाचणी एक-दोन धड्यांवर असते, सत्र परीक्षा सगळ्या भागावर, दोन्हींची काठिण्यपातळी वेगळी, मग त्या एकाच रेषेवर ठेवून खाली-वर कसं म्हणायचं? यावर एक साधा उपाय आहे. दर परीक्षेला वर्गाचा मधला गुण काढा, म्हणजे मार्क उतरत्या क्रमाने लावले की ४५ मुलांत २३ व्या मुलाचे मार्क. समजा घटक चाचणीत तो ७५ टक्के होता आणि सत्राला ५२. मग तुमचा मुलगा आधी वर्गाच्या मध्यापासून ५ ने खाली होता आणि आता ६ ने वर आहे. हीच तर सुधारणा तुम्हाला वर्गात दिसतेय आणि सॉफ्टवेअर तिलाच घसरण म्हणतंय! कंपनीला सांगा की प्रत्येक मुलाच्या रेषेमागे वर्गाच्या मधल्या गुणाची एक फिकट राखाडी रेष पाहिजेच.

आणि २० मार्कांच्या पेपरात २ मार्कांचं एक गणित चुकलं की सरळ १० टक्के जातात, त्यामुळे अशा चाचणीत दहा टक्क्यांच्या चढउताराला फार अर्थ नसतो. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक बिंदू तितक्याच ठामपणे दाखवतं. छोट्या चाचणीचा बिंदू पोकळ आणि सत्राचा भरीव केला तरी बघणाऱ्याला फरक कळतो.

आता त्या ४५ रेषा. त्या एका चौकटीत मावणारच नाहीत, कितीही रंग वापरा. प्रत्येक मुलाला स्वतःची एक छोटी चौकट द्या, पानभर ४५ चौकटी, सगळ्यांची पट्टी सारखी म्हणजे ० ते १००, आणि मागे तीच राखाडी रेष. पान हातात घेतलं की कोण चढतंय, कोण सपाट आहे, कोण अचानक पडलंय ते नजर फिरवताच कळतं. पट्टी सारखी ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पट्टी त्याच्याच मार्कांप्रमाणे ताणतात, मग ४० वरून ४५ वर गेलेला आणि ४० वरून ९० वर गेलेला दोघांची रेष दिसायला सारखीच.

तुम्ही लिहिलं नाहीये पण मी विचारते, गणपतीत गावी गेलेल्या मुलांचं काय होतं तुमच्याकडे? आपल्या ठाण्या-नवी मुंबईत अर्धा वर्ग कोकणात असतो आणि पुढेमागे चाचणी असली की गैरहजर. मी पाहिलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये गैरहजेरी म्हणजे शून्य. ७०, शून्य, ६८ याची सरासरी येते ४६, खरी सरासरी आहे ६९. पालकाला मेसेज गेला की मुलगा ४६ वर आलाय, घरात रडारड, आणि पोर बिचारं आजीकडे मोदक खात होतं! शून्य मिळाले, गैरहजर होता, आणि मार्क अजून भरलेच नाहीत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, सॉफ्टवेअरमध्ये त्यांना तीन वेगळ्या खुणा पाहिजेत आणि गैरहजेरीला रेष तुटलेलीच दिसली पाहिजे, जोडायची नाही.

अजून एक, तुमच्याकडे सहावी आणि सातवी दोन्ही आहेत म्हणून सांगते. आपल्याकडच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या शासन निर्णयात भारांश, म्हणजे एकूण १०० मध्ये कशाचा किती वाटा, इयत्तेप्रमाणे बदलत जातो. पहिली-दुसरीला आकारिक (वर्गातलं रोजचं काम, प्रकल्प वगैरे) ७० आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. म्हणजे वर्गातल्या कामात, प्रकल्पात चांगलं असलेलं पण लेखी परीक्षेला घाबरणारं मूल सातवीत गेलं की काहीही न बदलता त्याचे एकूण मार्क खाली येऊ शकतात. सहावीची रेष सातवीला सरळ जोडणारं सॉफ्टवेअर हे सांगत नाही. जून आला की उभी रेष मारून रेष नव्याने सुरू करा, किंवा आकारिक आणि संकलित वेगवेगळे दाखवा, मला दुसरं जास्त आवडतं कारण मग मूल कुठे अडतंय ते कळतं.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगी चौथीत, स्टेट बोर्ड. काल ॲपवर लाल बाण आला, प्रगती कमी. ९२ चे ८८ झालेत आणि श्रेणी अ-१ वरून अ-२. मिसेस म्हणते लगेच ट्यूशन लावू. लावायची का?

उत्तर : नको हो. चार मार्कांनी काही सिद्ध होत नाही. श्रेणीची हद्द ९१ ला आहे, ९१ ते १०० अ-१ आणि ८१ ते ९० अ-२, तुमची मुलगी ती हद्द ओलांडून आली म्हणून बाण. तिच्याच वर्गात कुणी ९० वरून ८१ वर आलं असेल तर ते नऊ मार्कांनी उतरलं पण श्रेणी तीच, त्याला बाण नाही. म्हणजे श्रेणीवर चालणारा बाण चुकीच्या घरी जातोय, आणि ज्या घरी जायला हवा होता ते निवांत आहेत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं असं की खूप वरच्या मार्कांमागे अभ्यासाबरोबर त्या दिवसाची थोडी साथ पण असते, सोपा पेपर, आवडते प्रश्न. पुढच्या वेळी ती साथ तेवढीच मिळेल असं नाही, म्हणून सगळ्यात वरची मुलं पुढच्या परीक्षेत बहुतेक वेळा थोडी खाली येतात आणि सगळ्यात खालची थोडी वर येतात, कुणी काही न करताही. लागोपाठ तीन परीक्षांत उतार दिसला तर मात्र बाईंना भेटा, आणि भेटल्यावर किती मार्क गेले ते विचारू नका, कुठल्या प्रश्नात गेले ते विचारा, पेपर बघायला मागा. मिसेसना हे वाचायला द्या.

प्रश्न : मॅडम, महापेला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, शाळांसाठी ॲप बनवतो. मुख्याध्यापकांना कोळ्याच्या जाळ्यासारखा रडार चार्ट आणि थ्रीडी पाय चार्ट (गोलाच्या फोडी करून दाखवतात तो) फार आवडतात, विक्री त्यावरच होते. तुम्ही काय बदलायला सांगाल? आणि लाल-हिरव्या रंगाबद्दल पण सांगा, सगळ्यांना तेच हवं असतं.

उत्तर : तुम्ही विचारलंत याचाच आनंद आहे, कारण बनवणाऱ्यांकडून पत्र क्वचित येतं. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी लोकांना आलेख दाखवून त्यांचे अंदाज तपासले होते. एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ वाचताना जास्त चुकतो. पाय चार्ट कोनावर चालतो आणि थ्रीडी केला की पुढची फोड उगाच मोठी दिसते. रडारमध्ये प्रत्येक विषय मध्यातून निघणाऱ्या एका रेषेवर असतो, त्यामुळे विषयांचा क्रम बदलला, म्हणजे मराठीच्या शेजारी गणिताऐवजी चित्रकला ठेवली, की त्याच मुलाच्या त्याच मार्कांचा आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही बदलतं. मग पालकाने बघायचं काय?

त्याऐवजी विषय एकाखाली एक लिहा, प्रत्येकासमोर ० ते १०० ची आडवी पट्टी, तिच्यावर मागच्या सत्राचा पोकळ ठिपका आणि या सत्राचा भरीव. बस. मुख्याध्यापकांना हे साधं वाटेल, पण दोन्ही आलेख समोर ठेवून त्यांनाच विचारा की या मुलाचा कुठला विषय पुढे गेला, कशात पटकन सापडतं ते त्यांनाच दिसेल.

लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं, त्यात पुरुष जास्त, प्रत्येक मोठ्या पालकसभेत असण्याची शक्यता आहे. शिवाय बऱ्याच शाळा प्रगतीपत्रक काळ्या-पांढऱ्यात प्रिंट करून झेरॉक्स काढतात, तिथे लाल आणि हिरवा दोन्ही राखाडीच. निळा आणि नारिंगी घ्या, आणि रंगासोबत आकार किंवा शब्दही द्या.

एक कळकळीची विनंती, पीडीएफमधली मराठी तपासा. मुलांच्या नावातली जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षरामागे जाऊन बसते, 'क्षितिज' वाचता येत नाही. हे फॉन्टपेक्षा जास्त वेळा पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीमुळे, म्हणजे ॲपमध्ये वापरलेल्या तयार कोडमुळे होतं, तिला देवनागरीची अक्षररचना जुळवता येत नाही. मुलाचं नावच चुकीचं छापलेलं पत्रक पालक कसं गंभीरपणे घेतील? आणि पूर्ण वर्गाचा तक्ता उघडणारी लिंक पालकांना देऊ नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि बालकांच्या माहितीसाठी जास्त काळजी सांगितलेली आहे. पालकाला त्याचं मूल दिसावं, मागे वर्गाची राखाडी रेष दिसावी, शेजारच्या मुलाचं नाव दिसायचं कारण नाही.

प्रश्न : कळव्याला शाळा आहे आमची, सॉफ्टवेअर परवडत नाही, एक्सेलवरच काम. पालकसभेत प्रोजेक्टरवर सगळ्या मुलांचे आलेख दाखवावे असं काही सहकारी म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : सर, मुलांचे आलेख प्रोजेक्टरवर अजिबात नकोत. जे मूल खाली आहे त्याचे आईवडील पुढच्या सभेला येणारच नाहीत, आणि त्यांच्याशीच तर बोलायचंय आपल्याला.

एक्सेल पुरेसं आहे. स्पार्कलाइन वापरा, प्रत्येक मुलाच्या नावापुढच्या एकाच खान्यात छोटी रेष येते. फक्त ॲक्सिसच्या, म्हणजे पट्टीच्या, सेटिंगमध्ये जाऊन किमान ० आणि कमाल १०० करा, नाहीतर ते प्रत्येकाची पट्टी वेगळी ताणतं. गैरहजर असेल तर मार्कांचा खाना रिकामा सोडा आणि 'गैरहजर' शेजारच्या रकान्यात लिहा, कारण साध्या रेषालेखात मार्कांच्या जागी शब्द लिहिला की एक्सेल तो शून्य धरतं.

प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर प्रश्नवार आलेख दाखवा, त्यात कुणाचं नाव नसतं. गणिताच्या पेपरातले प्रश्न एकाखाली एक आणि किती मुलांना आला त्याची आडवी पट्टी. समजा ४० पैकी १२ जणांनाच छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज आली, तर तो धडा परत शिकवायचाय हे सगळ्यांसमोर सरळ सांगा, कधी शिकवणार तेही सांगा. नंतर एकेका पालकाला टेबलाशी बोलवून त्यांच्या मुलाचा पेपर आणि त्याची रेष दाखवा. वेळ कमी पडणार, मग ज्यांची रेष तीन परीक्षांपासून उतरतेय त्या पालकांना आधी बोलवा.