हळू हो, त्यांचा गुडघा दुखतो

पुणे, रविवार रात्र

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईंचा फोन येऊन गेला. पोरगा अंत्यविधीच्या कामाला लागला तर त्याचं लग्न कसं जमायचं, असं विचारत होत्या. त्यांची काळजी खोटी नाही. फौजेतून पेन्शनवर आलो आणि नवी पेठेत, वैकुंठाच्या वाटेवर हे दुकान टाकलं, तेव्हा दोन वर्षं आमच्या हिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. हे आधी ऐकून ठेव, मग ठरव.

तू विचारलंस, मेलेल्या माणसाची भीती जाते का. 1999 साली, कारगिलच्या लढाईत, मी द्रासच्या रस्त्यावर आर्मी सर्व्हिस कोअरची थ्री टन गाडी चालवत होतो. तोलोलिंगच्या डोंगरावरून शत्रूला हायवे सरळ दिसायचा, म्हणून रात्री दिवे बंद ठेवून गाडी हाकायची. वर जाताना रेशन आणि दारूगोळा. खाली येताना कधी कधी आपलीच पोरं, ब्लँकेटात गुंडाळलेली. भीती वाटायला सवड नव्हती. उजाडायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात. आधीच्या लढायांत बहुतेक जवानांना आघाडीवरच अग्नी द्यायचे; कारगिलच्या वेळी पार्थिवं घरी जाऊ लागली. पण ज्या अंगणात त्या पेट्या उतरल्या, तिथे मी कधी नव्हतो. ते अंगण मला पुण्यात दिसलं.

धंद्याचं पहिलंच वर्ष होतं. कसबा पेठेतला जुना वाडा, दुसरा मजला, एका वेळी एकच माणूस जाईल असा लाकडी जिना आणि मध्ये वळण. स्ट्रेचर फिरेना. मी फौजेतल्यासारखा आवाज टाकला, ‘उचला, आडवं करा, चला!’ वळणावर आजोबांचा पाय कठड्यावर आपटला. वरून आजी म्हणाल्या, ‘हळू हो, त्यांचा गुडघा दुखतो.’

जिन्यात सगळे गप्प झाले. मी आजोबांच्या गुडघ्याखाली तळहात दिला आणि एकेक पायरी उतरलो. आजी वरून बघत होत्या. खाली आल्यावर मला पाणी त्यांनीच दिलं.

तेव्हापासून मी सांगून हात लावतो. ‘काका, उचलतोय हं,’ ‘आजी, कूस बदलतोय.’ नवीन पोरांना आधी विचित्र वाटतं. पण घरातलं कुणीतरी दारात उभं असतं, आणि आपला आवाज ऐकून त्याचे खांदे सैल पडतात, हे तू स्वतः बघशील. अशा जिन्यावर आता मी खुर्ची वापरतो, चादरीने नीट बांधून, आणि तिरडी खाली अंगणातच बांधतो. नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही बऱ्याचदा स्ट्रेचर मावत नाही, तेव्हा खुर्ची गाडीत कायम ठेव.

हळू म्हणजे उशिरा नव्हे. दोन-तीन तासांत देह ताठरायला लागतो, आधी जबडा. म्हणून आपण पोचल्या पोचल्या डोळे मिटायचे आणि हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. छातीत पेसमेकर आहे का, हे विचारायचं म्हणजे विचारायचंच. दाहिनीत त्याची बॅटरी फुटते. तो डॉक्टरांकडून आधी काढून घ्यायचा.

कागद मात्र घाईत लिहायचा नाही. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला आधी: दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नमुना 4, घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा 4अ, आणि मग अंत्यविधीचा पास. अपघात किंवा आत्महत्या असेल तर पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. नाव आधार कार्ड समोर ठेवून, अक्षर अक्षर जुळवून लिही. मी एकदा ऐकून लिहिलं. एका बाईंची फॅमिली पेन्शन माझ्या एका वेलांटीमुळे चार महिने अडली. दर महिन्याला त्या दुकानात येऊन बसायच्या, मला कधी बोलल्या नाहीत. मीच त्यांच्याबरोबर कचेरीत खेटे घातले.

पैशाचं तोंडी बोलू नकोस. भाव कागदावर लिहून घरातल्या त्यातल्या त्यात शांत माणसाच्या हातात दे. रडणाऱ्या मुलाला चंदन विकणारे लोक या रस्त्यावर आहेत. तू तसा झालास तर मी तुला दुकानात उभा करणार नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगतो.

रात्री झोप लागेल का, असंही विचारलं होतंस. लहान मुलाचं काम असलं की मला अजून लागत नाही. त्या रात्री मी ओंकारेश्वराच्या घाटावर जाऊन बसतो. तुलाही कुणीतरी सोबत लागेल, तेव्हा कितीही वाजले असले तरी फोन कर.

मंगळवारी सकाळी सहाला ये, जुने कपडे घालून. बांबू आलेत. दोन सरळ निवडून त्यांवर आडव्या कामट्या बांधायला शिकवतो. गाठ अशी हवी की खांद्यावर हलणार नाही, पण वैकुंठात एका ओढीत सुटेल. तिथे सुतळीशी झटापट करावी लागली की घरच्यांना बघवत नाही.

आईंना नमस्कार सांग, आणि त्यांना विचारून ये.

तुझा,
काका